एका वर्षात तीन राजे

एका वर्षात तीन राजे बघितलेलं माणूस आता सोलापुरात शोधून सापडायचं नाही. मी आहे. आणि मी ते तीन राजे नुसते पेपरात बघितले नाहीत. ओल्या फडक्यानं त्यांची तोंडं पुसली आहेत, त्यांच्या कपाळावर बसलेल्या माश्या हाकलल्या आहेत, आणि एकाला तर चौकटीत उलटा बसवून आप्पांचा धपाटाही खाल्ला आहे. नातवाला हे सांगितलं की तो हसतो. म्हणतो, आजी, तुझं काय खरं नाही. हसू दे मेल्याला! त्या वर्षी आमच्या घरात किती वेळा सगळ्यांचे घास हातातच राहिले, ते त्याला काय ठाऊक.

आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नवी पेठेत तसबिरींचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या आणि त्यांच्यामागं बोळ. बोळाच्या पलीकडं विणकरांची घरं. दिवसभर तिकडून मागांची खटखट यायची आणि तेलुगूतली भांडणं यायची. ती काय बोलतात ते कळायचं नाही, त्यामुळं भांडणंसुद्धा ऐकायला गोड वाटायची. दुकानात आप्पा हिऱ्याच्या कलमेनं काच कापायचे, तिचा कर्र आवाज दातांत शिरायचा. या सगळ्यावर गिरणीचा भोंगा. भोंगा झाला की आई तवा टाकायची. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, आणि थंडीच्या दिवसांत हुलग्याच्या पिठाचं पातळ, कढत माडगं. उरलेल्या भाकऱ्या आई निखाऱ्यापुढं उभ्या करून कडक करायची आणि सकाळी आम्ही त्या चटणीबरोबर कुडुमकुडुम खायचो. आज कडक भाकरी पुडक्यात बांधून विकायला ठेवतात. मी एकदा आणली. तिला शिळेपणाचा वाससुद्धा नव्हता, मग ती कसली कडक भाकरी!

आम्ही मूळचे माळशिरसाकडचे धनगर. आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली. आप्पांना मात्र लहानपणी कुणा सुताराच्या हाताखाली चौकटी करायची गोडी लागली आणि ते शहरात आले. शहरात आले ते थेट काळा कोट आणि काळी टोपी घालूनच. विठोबा, सिद्धेश्वर, लक्ष्मी, सगळे देव आमच्या भिंतीवर होते, पण दर्शनी खिळा विलायतेच्या राजाचा. सोलापुरात काही वर्षांपूर्वीच मार्शल लॉ होऊन गेलेला, लोकांच्या जखमा ओल्या, त्यामुळं राजाची तसबीर बघून कितीतरी पोरं दुकानापुढं थुंकून जायची. आप्पा मुकाट्यानं पाणी टाकून पायरी धुवायचे. "राजा वाईट नसतो गं चंद्रे," मला म्हणायचे, "त्येचे चाकर वाईट असत्यात." राजावर त्यांचा खराखुरा जीव होता. शिवाय शाळा-कचेऱ्यांतल्या राजाच्या तसबिरी करायचं काम रावसाहेबांमुळं आमच्याकडं यायचं. रावसाहेब म्हणजे शाळाखात्यातले एक मोठे अंमलदार. संध्याकाळी फिरायला निघाले की आमच्या दुकानात टेकायचे. ते रस्त्यातून आप्पांना "काय, बरं आहे ना?" म्हणाले की आप्पांची मान दिवसभर ताठ असायची.

आता ठकू आत्याचं सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठी लिहितेय. ठकू आत्या आप्पांची पाठची बहीण. तिला माळशिरसाजवळच्या एका गावात दिली होती. नवरा दारू प्यायचा, मारायचा, वर घरात दुसरी आणून ठेवली. तीन राजांच्या आदल्या वर्षी आत्या एक दिवस चालत माहेरी आली. पंच बसले, कडब्याची काडी दोघांच्या देखत मोडली आणि आत्या मोकळी झाली. आमच्यात ही काडीमोड. काडी मोडली की बाई पुन्हा पाट लावून संसाराला लागते, त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. पण आप्पा आता नवी पेठेतले झाले होते ना! त्याच्या थोडं आधी रावसाहेब दुकानात बसून कुणाच्या तरी मोलकरणीवरून हसत म्हणाले होते, "तुमच्यातल्या बायकांना काय, आज एक घर, उद्या दुसरं." आप्पाही त्यांच्याबरोबर हसले होते. मी तिथंच काच पुसत होते. ते हसणं त्यांना किती लागलं होतं, ते आत्या सोलापुरात आली त्या दिवशी कळलं. शेजारच्या वाण्याच्या बायकोनं विचारलं, "तुमच्या बहिणीचे यजमान कुठं असतात?" आणि आप्पांनी पटकन सांगून टाकलं, "ते गेले. पटकीत गेले."

आई दारातच थिजली. आत्याच्या हातातलं गाठोडं खाली पडलं. अहो, जिता-जागता नवरा, चांगला ताडमाड माणूस, एका शब्दात मारून टाकला! पुढं तर कहरच झाला. दुपारी गल्लीतल्या चार बायका भेटायला आल्या, आत्याच्या गळ्यात पडल्या आणि रडायला लागल्या. बिचारीला त्या मेल्यासाठी रडावं लागलं. ज्यानं तिचा हात मोडला होता त्याच्यासाठी! त्या दिवसापासून आत्याचं कपाळ मोकळं झालं, हात मोकळे झाले. मलाही दम मिळाला, कुठं बोललीस तर जीभ हासडीन. मला तेव्हा आप्पांची फार चीड आली होती, आजही आठवलं की येते.

आमच्या घरात आरशांना तोटा नव्हता. आप्पा आरसेही चौकटीत बसवायचे, भिंतीला नेहमी पाच-सहा टेकवलेले असायचे. आत्या झाडताना ते सगळे पालथे करून ठेवायची. एकदा मी एक सुलटा केला तर आप्पा म्हणाले, "इधवेनं आरशात काय बघायचं असतं?" जणू आपणच रचलेलं त्यांना आता खरं वाटायला लागलं होतं. आत्यानं तो पुन्हा पालथा केला. मागच्या खोलीत बसून ती तसबिरींच्या पाठी बंद करायची, कणकेची खळ शिजवून तपकिरी कागद चिकटवायची. तिच्या हातचा कागद कधी सुरकुतला नाही.

तर त्या वर्षी, संक्रांत होते न होते तोच थोरला राजा वारला. शाळेला सुट्टी मिळाली म्हणून आम्ही नाचत घरी आलो, तर आप्पा जेवले नव्हते. राजाच्या तसबिरीला चंदनाचा हार घातलेला, पुढं उदबत्ती. आई म्हणाली, "अवो, तुमचा कोन लागत हुता त्यो?" आप्पा म्हणाले, "त्येच्यावर आपलं प्वाट हाय." मग मधला राजा गादीवर आला. गोरापान, केस मागं फिरवलेले, डोळे जरा उदास. आत्यानं त्याची तसबीर हातात घेऊन विचारलं, "ह्येचं अजून लगीन न्हाय? येवडं वय झालं की."

पेपर वाचायचं काम माझं. आप्पांना अक्षर लावून लावून वाचता यायचं, पण त्यात दिवस मावळायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी दुकानाच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचायची, आतून आत्याची खळ ढवळायची पळी थांबायची. काय एकेक ऐकलं त्या वर्षी! अबिसिनियाच्या राजाला इटलीनं पळवून लावलं, विमानातून विषारी धूर सोडला, माणसं झाडावरच्या पाखरांसारखी मेली. आई म्हणाली, धूर कसा मारंल? चुलीचा धूर तर आमी रोजच खातो. मग स्पेनात भावाभावांनी एकमेकांना गोळ्या घातल्या. मग आपली पोरं जर्मनीत जाऊन हॉकीत जर्मनांनाच हरवून आली, त्या दिवशी पुढची गल्ली नुसती दणाणली. प्रत्येक बातमीला आत्या दारात येऊन म्हणायची, "अगं बया! खरं का काय?" मी म्हणायची, छापलंय ते खरंच असतं. तेव्हा तसं वाटायचं खरं.

दसऱ्याला बिरू आला. बिरू आमच्याच गावाकडचा, घोंगड्या विकायला नवी पेठेत यायचा. बायको बाळंतपणात गेलेली, पोटी काही नाही. बोलायला कमी. घोंगड्यांचा ढीग पायरीवर ठेवून तो कितीतरी वेळ नुसता बसला आणि मग एकदम म्हणाला, "ठकूला पाट लावून द्या. मी सांबाळीन." आप्पांचं तोंड लालबुंद झालं. "आमच्यात आता पाट लागत न्हाईत," ते म्हणाले. बिरूनं डोळे वर केले. "आमच्यात म्हंजे? तुमी अन् आमी येकच की." आप्पांनी त्याचा ढीग उचलून रस्त्यावर ठेवला. बिरूनं घोंगड्या खांद्यावर घेतल्या आणि शांतपणे सांगितलं, "हुरड्याच्या टायमाला येकदा ईन. मग न्हाय यायचा. घरात म्हातारी हाय, सांगोल्याची पोरगी बघून ठिवलीया तिनं." आत्या आत कागद चिकटवत होती. त्या तसबिरीचा कागद पहिल्यांदा सुरकुतला.

त्यानंतर घर मधल्या राजानं भरलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा राज्याभिषेक व्हायचा होता, म्हणून रावसाहेबांनी शाळांसाठी तसबिरींची मोठी ऑर्डर दिली. माजघरात राजा, फळीवर राजा, मी निजायची तिथं उशाशी राजा. त्याच्याकडं बघत आम्ही जेवायचो. आप्पांच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं होतं. आत्या मात्र वाळत चालली होती. आईनं एकदा धीर करून विषय काढला तर आप्पा म्हणाले, "रावसायेब काय म्हंतील? काल इधवा हुती अन् आज नवरी? मी खोटा पडंन, दुकान बुडंल." आई म्हणाली, "अन् ती बुडाली तर?" आप्पा तसबिरीला खिळे मारत राहिले.

थंडी पडली, बाजारात कोवळी कणसं दिसायला लागली, आणि एका दुपारी पेपर उघडला तर पहिल्याच पानावर आमचा राजा. मी वाचायला लागले. राजाला लग्न करायचं आहे. आई आतून म्हणाली, बरं झालं बाई. मी पुढची ओळ वाचली, त्या बाईचे पूर्वी दोन घटस्फोट झाले आहेत. आप्पांनी खिळा तोंडातून काढला. "घटस्फोट म्हंजे?" मी शाळेत शब्द ऐकला होता. म्हटलं, नवरा-बायकोनं एकमेकांना सोडायचं.

"काडीमोड," आत्या दारातून म्हणाली. तिचे दोन्ही हात खळीनं माखलेले होते. "दोन काडीमोडी? अन् राजा तिला करून घ्येतो म्हन्तो?"

मला आठवतं, बोळातला माग नेमका तेव्हाच थांबला होता. आप्पांनी माझ्या हातून पेपर हिसकावला आणि बोट ठेवून ती ओळ स्वतः लावून बघितली. ओठ हलत होते. मग म्हणाले, "खोटं हाय. ह्ये काँग्रेसवाल्यांनी छापलंय." टोपी घातली आणि तडक रावसाहेबांच्या घरी गेले. परत आले तेव्हा टोपी हातात होती. खरं होतं. रावसाहेब म्हणे पिसाळले होते. असल्या दोनदा टाकलेल्या बाईपायी राजाची अब्रू जाते म्हणजे काय, अशा बायकांना दारात उभं करू नये, असं खूप बोलले. आप्पा हे सगळं सांगत होते आणि आत्या समोर उभी होती. बोलताबोलता त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते हातातली टोपी झटकायला लागले.

नंतरचे दिवस आम्ही पेपराची वाट बघत काढले. प्रधान म्हणतात, ही राणी चालायची नाही. धर्मगुरू म्हणतात, चालायची नाही. आत्या रोज विचारायची, "अगं पर पंच काय म्हन्त्यात? त्येंच्यात पंच न्हाईत का?" आणि मग ती बातमी आली. राजानं गादी सोडली. तिच्या सोबतीवाचून आपल्याला हा भार उचलवत नाही, असं त्यानं साऱ्या जगाला रेडिओवरून सांगितलं आणि रात्रीतून देश सोडून गेला. त्याच्या धाकट्या भावाला गादीवर बसवलं.

आप्पा मटकन खाली बसले. आजूबाजूला भिंतीला टेकवलेले सगळे राजे त्यांच्याकडं बघत होते. "खुळा का काय ह्यो!" ते म्हणाले. "येवडं राज्य! दर्याच्या पल्याड राज्य! अन् येका बाईसाठी?" आवाज रडवेला झाला होता. मी आप्पांना तसं कधी बघितलं नव्हतं. मला भीती वाटली.

आत्या पुढं आली. दुकानात, रस्त्यावरून दिसेल अशा जागी, ती आजवर कधी उभी राहिली नव्हती. "दादा," ती म्हणाली, "त्येनं राज्य सोडलं. तुला काय सोडायचं हुतं रं? रावसायेबाचा रामराम?"

"ठके, त्वांड आवर."

"दोन वर्सं आवरलं की. जित्या मानसाला मारलास तवा आवरलं. बायका गळ्यात पडून रडल्या तवा आवरलं. तुज्या राजाला इचार, ती बाई कुनाची इधवा हाय का म्हनून. न्हाय! तिला कुनी लपवली न्हाय." आणि ती तिथंच पायरीवर बसून मोठ्यानं रडली. या खेपेला स्वतःसाठी रडली. वाण्याची बायको गॅलरीत आली होती, तिनं सगळं ऐकलं. आप्पांचं बिंग फुटलं, आणि गंमत बघा, दुकान काही बुडालं नाही. वाण्याची बायको दोन दिवस तोंडाला पदर लावून बोलली आणि तिसऱ्या दिवशी विरजण मागायला आली.

बिरू शब्दाला जागला. हुरड्याची कणसं घेऊन आला आणि पायरीच्या खाली, रस्त्यावरच उभा राहिला. आप्पा काच कापत होते. वर न बघता आईला म्हणाले, "जायाचं तर जा म्हनावं. मी आडवा येनार न्हाय. पर मी येनार बी न्हाय." काच वेडीवाकडी तडकली. आत्यानं गाठोडं आधीच बांधून ठेवलं होतं. आईनं ट्रंकेतलं स्वतःचं हिरवं लुगडं काढून तिच्या हातात दिलं आणि आप्पांच्या देखतच माझी वेणी घालायला बसली. म्हणजे आम्हीही जाणार होतो.

सर्व्हिस मोटारीनं गेलो. दिवस कलताना गावाबाहेरच्या बिरोबापुढं पाट लागला. वाजंत्री नाही, अक्षता नाही, पंच आणि आठदहा माणसं. पाटाला बाईच्या पाठीशी भाऊ उभा राहतो. म्हाताऱ्या पंचानं विचारलं, "भाऊ कुटं हाय?" आई म्हणाली, "दुकानात गर्दी हाय." त्याला खरं वाटलं नाही. आत्या सारखी वळून रस्त्याकडं बघत होती. कुंकू लावून घेतानाही तिची मान तिकडंच. शेवटी पाठीशी आईच उभी राहिली.

परत आलो तेव्हा आप्पा एकेका तसबिरीची पाठ फोडून मधला राजा काढत होते आणि धाकटा बसवत होते. आत्यानं लावलेले कागद निघता निघत नव्हते. आत्याचं नाव त्यांनी काढलं नाही. धाकटा राजा दर्शनी खिळ्यावर गेला. आप्पा त्याच्याकडं बोट करून गिऱ्हाइकांना सांगायचे, हा शहाणा, घरंदाज, बायकोपोरांचा माणूस. आई अशा वेळी भांडी जरा जोरातच आपटायची.

उन्हाळा संपत आला होता. आभाळ भरून यायचं आणि तसंच जायचं. दुपारी मी पेपर वाचत होते. आतल्या पानात लहानशी बातमी होती. गादी सोडलेल्या राजाचं परमुलखात त्या बाईशी लग्न लागलं. लग्नाला थोडी माणसं होती. राजाच्या घरचं कुणी आलं नाही. भाऊसुद्धा आला नाही.

आप्पांचा हिरा काचेवर अर्ध्यात थांबला. "काय म्हनलीस?"

मी पुन्हा वाचलं.

"भाऊ गेला न्हाय?" आप्पा म्हणाले. "सख्खा भाऊ? न्हाय, न्हाय. नीट वाच, गेला आसंल." मी तिसऱ्यांदा वाचलं. आप्पा दर्शनी तसबिरीकडं बघत राहिले. सहा महिने त्याचं कौतुक केलेलं. विषारी धुराच्या बातमीला, गादी सोडल्याच्या बातमीला त्यांचा चेहरा झाला नव्हता, तसा आता झाला. "ज्याच्या राज्यावर ह्यो बसलाय," ते हळूच म्हणाले, "त्याच्या लग्नाला बी गेला न्हाय." मग त्यांनी खुर्चीवर चढून धाकट्या राजाला उतरवलं. तिथं विठोबा लावला. आई दारात उभी होती. मला वाटलं ती काहीतरी लागेलसं बोलेल, पण तिनं डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून आप्पा मला घेऊन निघाले. अंगात कोट नव्हता, डोक्याला गावाकडचा पटका. मांडीवर कापडात गुंडाळलेली एक चौकट, मोटारीच्या प्रत्येक धक्क्याला ते तिला पोटाशी धरायचे. आत्या अंगणात लोकर पिंजत होती. आम्हाला बघून उठली नाही. कपाळावर कुंकू होतं, ते जरा वाकडं लागलं होतं. आप्पा कुडाच्या बाहेरच उभे राहिले.

"त्याचा भाऊ बी गेला न्हाय गं," ते म्हणाले.

आत्यानं लोकर खाली ठेवली. "तू तरी कुटं आलतास?"

आप्पांनी कापड सोडून चौकट पुढं केली. मधल्या राजासाठी केलेली चौकट, त्याच दिवसांतली, पण आत राजा नव्हता. आरसा होता. आत्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि बघतच राहिली. सोलापूर सोडून सहा महिने झाले होते, पण आरसा तिनं त्याच्याही कितीतरी आधी सोडला होता. तिनं गालाला हात लावला, डोळ्याखाली लावला. मग पदराच्या टोकानं कुंकू सरळ केलं.

"दादा," ती म्हणाली, "लई थोराड दिसाय लागले की रं मी."

आणि माझे आप्पा, नवी पेठेतले तसबीरवाले, कुडाला धरून लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. आत्यानं उठून आरसा दाराच्या मेढीला, त्या खांबाला, नीट टेकवला, सुलटा, आणि आत जाऊन चुलीवर तवा टाकला.